टाकोमाच्या मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर बसवताना

डिफरन्शिअल लॉकर म्हणजे खडकाळ किंवा चिखलाच्या वाटेवर गाडीची ताकद वाढवणारा भाग, असा समज बऱ्याच जणांचा असतो. प्रत्यक्षात लॉकरमुळे इंजिनाच्या ताकदीत काहीही भर पडत नाही आणि टायरची पकडही वाढत नाही. जमिनीवर जी पकड आधीच उपलब्ध असते, पण साध्या डिफरन्शिअलमुळे (ॲक्सलवरील दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) वाया जाते, ती कामी लावणे एवढेच लॉकर करतो. या कामाचा सर्वांत मोठा लाभ असा की, जिथे एरवी वेग घेऊन गाडी वर फेकावी लागते, तिथे ती माणसाच्या चालीपेक्षाही हळू चढून जाते. लॉकर निवडताना आणि बसवताना हा सावकाशपणा हेच उद्दिष्ट मानले, तर निवडीतील बहुतेक प्रश्न सुटतात, असे माझे ठाम मत आहे.

मी कोलोरॅडोत राहतो आणि माझ्याकडे पहिल्या पिढीतील टोयोटा टाकोमा हा पिकअप ट्रक आहे. ही पिढी १९९५ ते २००४ या काळात विकली गेली. माझ्या गाडीत ३.४ लिटरचे व्ही-६ इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे आठ इंची क्राउन व्हील (डिफरन्शिअलमधील मोठे दातेरी चाक) असलेला सलग ॲक्सल आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्या काळी टीआरडी या टोयोटाच्याच ऑफ-रोड पॅकेजच्या काही गाड्यांना मागचा लॉकर कारखान्यातूनच मिळत असे. माझ्या गाडीला तो नव्हता. पुढील सर्व विवेचन याच गाडीच्या आधाराने केले आहे, कारण लॉकरची निवड ही विशिष्ट गाडी, विशिष्ट वाटा आणि तिथवर पोहोचवणारे रस्ते यांच्यापासून वेगळी करता येत नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा आवश्यक असते. साध्या डिफरन्शिअलमध्ये क्राउन व्हीलबरोबर फिरणाऱ्या केजमधील स्पायडर गिअर हे काम करतात. मात्र त्यांचा एक अटळ गुणधर्म असा की, ते दोन्ही बाजूंना नेहमी जवळजवळ सारखाच टॉर्क देतात. समजा, उजवे चाक ओल्या चिखलात आहे आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्कलाच घसरू लागते, तर डावे चाक कोरड्या खडकावर असून २,००० न्यूटन-मीटर सहज पेलू शकते. साध्या डिफरन्शिअलमध्ये डाव्या चाकालाही ४०० च मिळतील आणि एकूण ८०० न्यूटन-मीटरवर गाडी अडकून राहील. लॉकर लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात, टॉर्कची वाटणी पकडीनुसार होते आणि तेच इंजिन त्याच जागी २,४०० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क जमिनीला देऊ शकते. एखादे चाक हवेतच लटकत असेल, तर हा फरक शून्य आणि सर्वस्व यांमधला ठरतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपमध्ये पुढची चाके फार खाली उतरू शकत नाहीत, त्यामुळे तिरक्या खड्ड्यांच्या वाटेवर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके एकाच वेळी हलकी होतात. अशा गाडीला लॉकरची गरज इतरांहून जास्त असते.

लॉकर नसलेला चालक अशा ठिकाणी काय करतो? तो मागे जातो, वेग घेतो आणि ॲक्सिलरेटर दाबून धरतो. चाक गरगर फिरते, वाटेतील माती उडते, खड्डा आणखी खोल होतो आणि मग अचानक त्या फिरत्या चाकाला खडक सापडतो. त्या क्षणी बसणारा धक्का हाफ शाफ्ट (डिफरन्शिअलपासून चाकाकडे जाणारा दांडा) किंवा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाकडील वळणारा सांधा) तोडण्यास पुरेसा असतो. यू.एस. फॉरेस्ट सर्व्हिसने १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘ट्रेड लाइटली’ या मोहिमेचा आग्रह वाटांना आणि भोवतीच्या निसर्गाला कमीत कमी इजा व्हावी असाच आहे, आणि गरगरणारे चाक त्या आग्रहाच्या नेमके विरुद्ध वागते. सॅन वॉन पर्वतातील ऊरेजवळच्या पोकिप्सी गल्चसारख्या वाटेवर खडकाची एक अवघड भिंत आहे. तिथे लॉकर लावून निष्क्रिय गतीच्या थोडे वर इंजिन ठेवून चढणारी गाडी आणि तीन-चार धावा घेऊन आदळत चढणारी गाडी शेजारी शेजारी पाहिल्या, म्हणजे लॉकरचा खरा उपयोग अधिक समजावून सांगावा लागत नाही.

आता निवडीकडे वळतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल मी सुरुवातीलाच बाजूला ठेवले. क्लच-पट्ट्यांचे असो वा हेलिकल गिअरचे, ते निसरड्या रस्त्यावर उत्तम काम करते. परंतु एक चाक पूर्ण हवेत गेले की त्याचा प्रभाव फार कमी उरतो. ब्रेकवर आधारलेले ट्रॅक्शन कंट्रोल ही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ते घसरत्या चाकाला ब्रेक लावून त्याचा विरोध वाढवते, त्यामुळे दुसऱ्या चाकालाही तेवढा टॉर्क पोहोचतो. ज्यांच्या गाडीत ही व्यवस्था चांगल्या प्रतीची आहे आणि ज्यांच्या वाटा मध्यम स्वरूपाच्या आहेत, त्यांनी लॉकरवर खर्च करण्यापूर्वी ती नीट वापरून पाहावी. मात्र चाक आधी घसरल्याशिवाय ती जागी होत नाही, आणि लॉकर चाक घसरू देण्याआधीच काम करतो.

स्वयंचलित लॉकरमध्ये ईटनचा डेट्रॉइट लॉकर सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात स्पायडर गिअर नसतातच. दातेरी क्लच दोन्ही बाजूंना कायम जोडलेला असतो आणि वळणावर बाहेरचे, म्हणजे अधिक वेगाने फिरणारे चाक तेवढ्यापुरते सुटते. रचना अत्यंत मजबूत, स्विच नाही, तार नाही, हवेची नळी नाही. वाळवंटी मुलखात राहणाऱ्या आणि लांब व्हीलबेसची गाडी वापरणाऱ्या माणसाला मी तो निःशंकपणे सुचवीन. माझ्यासाठी मात्र त्याचा दोष निर्णायक होता. हिवाळ्यात डेन्व्हरहून डोंगराकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावर बर्फाचा पातळ थर असतो. तिथे ॲक्सिलरेटर दाबताच मागची दोन्ही चाके एकत्र जुळली, तर दोन्ही एकत्रच घसरतात आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला सरकतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे गाडीला रेषेत धरून ठेवते. ज्या गाडीत कुटुंब घेऊन याच महामार्गावरून जायचे, तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये चालकाच्या संमतीशिवाय जुळणारा लॉकर मला नको होता.

स्वयंचलित प्रकारातच ‘लंचबॉक्स’ लॉकर येतात. मूळ केज तशीच ठेवून फक्त आतील स्पायडर आणि साइड गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी दातेरी जोड बसवायचे, एवढेच काम असल्यामुळे क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनिअन गिअर यांच्या जुळणीला हात लावावा लागत नाही. खर्च कमी, वेळ कमी. परंतु वरील दोष तोच राहतो, आणि मजबुती शेवटी मूळ केज व तिच्यातील पिनेइतकीच असते.

उरले चालकाच्या हातातील, म्हणजे सिलेक्टेबल लॉकर. स्विच बंद असेपर्यंत ते साध्या डिफरन्शिअलप्रमाणे वागतात आणि स्विच दाबताच पूर्ण जुळतात. माझ्या गाडीसाठी तीन पर्याय समोर होते. पहिला, टोयोटाचाच मूळ विद्युत लॉकर भंगारातील एखाद्या टीआरडी गाडीतून काढून बसवणे. हा मार्ग स्वस्त वाटतो, पण त्या लॉकरच्या थर्ड मेंबरची, म्हणजे एकसंध बाहेर येणाऱ्या संपूर्ण डिफरन्शिअलची, बोल्टची मांडणी वेगळी असते आणि साध्या हाउसिंगमध्ये (ॲक्सलच्या कवचात) तो सरळ बसत नाही. हाउसिंगला नवी छिद्रे आणि आत घासकाम करावे लागते, किंवा संपूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो. शिवाय त्याची मोटर बराच काळ न वापरता राहिली, तर आत ओल शिरून ती जाम होते. टोयोटाने हा लॉकर फक्त लो-रेंजमध्येच (फोर-व्हील ड्राइव्हच्या मंद गतीच्या गिअरमध्ये) लागेल अशी व्यवस्था केली होती. अनेक जण तारेत फेरफार करून ती मर्यादा काढून टाकतात. मला मात्र ती योग्य वाटते, कारण लॉकर हे हळू चालण्याचेच साधन आहे.

दुसरा पर्याय ईटनच्या जातीचा विद्युतचुंबकीय लॉकर. याला फक्त तारा लागतात, हवा लागत नाही, आणि जोडणी सुटसुटीत होते. त्याच्या रचनेत एक बारकावा आहे: गाडी पुढून मागे किंवा मागून पुढे दिशा बदलते, तेव्हा तो क्षणभर सुटतो आणि चाक थोडे फिरल्यावर पुन्हा जुळतो. बहुतेक ठिकाणी हे जाणवतही नाही. पण खडकाच्या पायरीवर अर्धे चाक टेकलेले असताना गाडी इंचाइंचाने मागेपुढे करायची असेल, तर तेवढीशी सैलही नकोशी वाटते.

तिसरा पर्याय, आणि माझी निवड, म्हणजे मेलबर्नच्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर. त्यात हवेच्या दाबाने पिस्टन सरकतो आणि साइड गिअर केजला पक्का बांधला जातो. दोन्ही दिशांना सारखाच. केज नवी आणि भक्कम मिळते. त्याला लागणारा कॉम्प्रेसर हा काहींना खर्च वाटतो; मला तो लाभ वाटला, कारण खडकाळ वाटेवर टायरची हवा कमी करावी लागते आणि परतताना ती पुन्हा भरायची असते. पूर्ण लॉकर हजार डॉलरच्या पुढे जातो, कॉम्प्रेसर वेगळा आणि जुळणीची मजुरी वेगळी. हा खर्च मोठा आहे, हे मान्य करूनही मी म्हणेन की गाडी उंच करणारा लिफ्ट किट घेण्याआधी तो करावा. उंच गाडीचा तोल वाढत नाही, उलट तिचा गुरुत्वमध्य वर जातो; लॉकर लावलेली मूळ उंचीची गाडी अधिक ठिकाणी सुरक्षितपणे जाते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी इथे थोडे थांबतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा ही गाडी पुढे आणि मागे अशा दोन्ही ॲक्सलना चालकाच्या हातातील लॉकर कारखान्यातूनच देते, आणि ही गोष्ट जगातील बऱ्याच महागड्या गाड्यांतही आढळत नाही. महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मागे ईटनचा यांत्रिक लॉकर असतो. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप जुळतो आणि ताशी साधारण ३० किलोमीटरच्या वर जुळत नाही. म्हणजे आधी चाक थोडे घसरावे लागते. सह्याद्रीतील पावसाळी लाल चिखलात हे चालून जाते. खडकावर मात्र चालकाने आधीच लावून ठेवलेला लॉकर केव्हाही सरस. दोन्हींपैकी एखादी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बाहेरून लॉकर आणण्याचा विचार करण्यापूर्वी आहे त्याचाच पूर्ण उपयोग करून पाहावा.

जोडणीचा भाग मी विस्ताराने लिहितो, कारण लॉकर कितीही चांगला असला तरी त्याचे आयुष्य जुळणीवर ठरते. टोयोटाच्या या ॲक्सलची एक मोठी सोय अशी की, संपूर्ण डिफरन्शिअल, म्हणजे ज्याला थर्ड मेंबर म्हणतात तो भाग, हाउसिंगच्या पुढच्या बाजूने एकसंध बाहेर येतो. जीपसारख्या गाड्यांतील डेना ॲक्सलमध्ये सर्व जुळणी गाडीखाली झोपून करावी लागते. इथे ती टेबलावर करता येते. तेल काढणे, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबल सोडवणे, दोन्ही हाफ शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर ओढणे, प्रोपेलर शाफ्ट सोडवणे आणि थर्ड मेंबर उतरवणे, ही कामे मी घरच्या गराजमध्ये केली. हा भाग चांगलाच जड असतो. त्याखाली जॅक हवाच आणि मदतीला दुसरा माणूसही हवा. त्यानंतर तो मी गिअरच्या कामात मुरलेल्या एका मेकॅनिककडे नेला आणि जुळणी होताना शेजारी उभा राहिलो. ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही, त्यांनी अशीच विभागणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मागवण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. टोयोटाच्या आठ इंची डिफरन्शिअलमध्ये चार सिलिंडरच्या आणि व्ही-६ च्या गाड्यांचे भाग सारखे नसतात, त्यामुळे लॉकर नेमका आपल्या प्रकाराचा आहे ना आणि त्याचे स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरील खाचा) आपल्या शाफ्टशी जुळतात ना, हे आधीच तपासावे. माझ्या शाफ्टवर ३० स्प्लाइन आहेत. गिअरचे प्रमाण, म्हणजे क्राउनच्या एका फेरीसाठी पिनिअनच्या किती फेऱ्या, बदलायचे असेल तर तेही याच वेळी बदलावे. ३३ इंची टायरसाठी पुष्कळ जण ४.१० वरून ४.८८ वर जातात. मी ३१ इंची टायरच ठेवणार असल्यामुळे मूळ ४.१० कायम ठेवले, आणि त्यामुळे पिनिअनला हात लावावा लागला नाही. पिनिअनची खोली आहे तशीच राहिल्याने जुळणीचा सर्वांत किचकट भाग टळला. प्रमाण बदलले, तर पुढचा डिफरन्शिअलही त्याच प्रमाणाचा करावा लागतो, अन्यथा फोर-व्हील ड्राइव्ह लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडू लागतात.

जुने भाग खोलण्याआधी क्राउन आणि पिनिअन यांच्यातील बॅकलॅश (दातांमधील मोकळीक) मोजून ठेवला आणि दातांवर रंग लावून त्यांची छाप घेतली. हे मोजमाप पुढे फार उपयोगी पडते, कारण एकमेकांशी घासून बसलेल्या जुन्या गिअरची जोडी शक्यतो होती त्याच स्थितीत परत नेणे हेच उद्दिष्ट असते. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करणे अत्यावश्यक, कारण त्या जागेवरच यंत्रित केलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. क्राउन व्हील नव्या केजवर चढवताना बोल्ट आणि छिद्रे तेलमुक्त करून, थ्रेडलॉकर लावून, आडव्या-उभ्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. केजची बेअरिंग नवी घातली. इतके खोलून जुनी बेअरिंग परत वापरणे ही काटकसर नव्हे.

बाजूच्या ॲडजस्टर नटांनी केज डावीकडे-उजवीकडे सरकवून बॅकलॅश ठरवला जातो. टोयोटाची मर्यादा ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर आहे. डायल गेज क्राउनच्या दाताला काटकोनात टेकवून तो एकाच ठिकाणी नव्हे, तर क्राउन फिरवत अनेक ठिकाणी मोजायचा असतो. केजवर क्राउन किंचित वाकडे बसले असेल तर ते इथेच उघड होते. बॅकलॅश मर्यादेत आल्यावर बेअरिंगवरील पूर्वताण द्यायचा, आणि तो दिल्यावर बॅकलॅश पुन्हा मोजायचा, कारण तो बदललेला असतो. शेवटी रंगाची छाप: ती दाताच्या मध्यावर यावी, माथ्याकडे किंवा मुळाकडे नाही. माझ्या मेकॅनिकने ही सारी फेरी धीराने पुन्हा पुन्हा केली. घाईत केलेल्या जुळणीचा परिणाम महामार्गावरील शिटीसारख्या आवाजाने सुरू होतो आणि दात तुटण्यावर थांबतो.

एअर लॉकरचे वेगळे काम म्हणजे हवेची वाट. केजच्या एका टोकाला ओ-रिंग असलेली सील हाउसिंग बसते, तिच्यातून निघालेली बारीक तांब्याची नळी वळवून थर्ड मेंबरच्या भिंतीतून बाहेर काढावी लागते आणि त्यासाठी छिद्र पाडून आटे पाडावे लागतात. त्यातील लोखंडी किसाचा एक कणही आत राहता कामा नये. नळी फिरत्या क्राउनपासून सुरक्षित अंतरावर, मात्र ताणाशिवाय वळलेली असावी. सर्व जुळल्यावर टेबलावरच हवा देऊन लॉकर लागतो-सुटतो हे पाहिले आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासली. थर्ड मेंबर एकदा हाउसिंगमध्ये गेला, की हीच तपासणी करण्यासाठी सगळे पुन्हा उतरवावे लागते. बाहेरची नळी सायलेन्सरपासून दूर नेली आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवली.

लो-रेंजमध्ये, पहिल्या गिअरमध्ये माझ्या गाडीचे एकूण प्रमाण सुमारे ४० ला १ पडते. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. लॉकर लावून या गतीने चढले, तर ॲक्सिलरेटर जवळजवळ दाबावाच लागत नाही. मागच्या ॲक्सलवर ९०० किलो भार धरला आणि तो सगळा एका चाकावर आला, तर कोरड्या खडकावर त्या एका हाफ शाफ्टला ३,१०० न्यूटन-मीटरच्या जवळपास टॉर्क पेलावा लागू शकतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये, भार दोन्ही चाकांवर सारखा असताना, प्रत्येकी त्याच्या निम्माच येतो. हा हिशेब सावकाश चालीचा आहे. उडी मारून आदळणाऱ्या गाडीत धक्क्याचा भार यापेक्षा पुष्कळ वर जातो, आणि शाफ्ट तिथेच तुटतात.

लॉकर अडथळ्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा अगदी मंद असताना लावावा. गरगरणाऱ्या चाकावर कधीही लावू नये. लावल्यावर गाडी सरळ जाऊ पाहते, म्हणून वळण आधीच घेऊन ठेवावे. स्विच बंद केल्यावर तो लगेच सुटला नाही, तर स्टिअरिंग थोडे डावीउजवीकडे करत पुढे सरकावे. दातांवरील ताण गेला की तो सुटतो. कोरड्या डांबरावर तो लावण्याचे काहीच कारण नाही.

पुढचा डिफरन्शिअल मी साधाच ठेवला आहे. पुढचे लॉकर लावून स्टिअरिंग पूर्ण वळवले असता सीव्ही जॉइंटवर येणारा ताण या गाडीच्या पुढच्या भागाला मानवत नाही, आणि एआरबीच्या मूळ वायरिंगमध्येसुद्धा मागचा स्विच चालू असल्याशिवाय पुढचा लागत नाही, यातच वापराचा क्रम सुचवलेला आहे. मी ज्या वाटांवर जातो, तिथे मागचा एक लॉकर, कमी हवेचे टायर आणि वाट नीट निवडणे एवढे पुरते.

देखभाल फार नाही. जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० तेल, पाण्यातून गाडी गेली असेल तर ते लवकर तपासणे, आणि महिन्यातून एखाद्या वेळी कच्च्या रस्त्यावर सरळ रेषेत लॉकर लावून सोडणे, म्हणजे ओ-रिंग आणि पिस्टन हलते राहतात. ब्रीदरमधून (हाउसिंगमधील हवा बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या तोंडातून) तेल बाहेर येताना दिसले, तर आधी सीलकडे संशयाने पाहावे: आतली ओ-रिंग गळू लागली की कॉम्प्रेसरची हवा हाउसिंगमध्ये शिरते आणि तेलाला ब्रीदरवाटे बाहेर ढकलते.